जुन्या मोटारसायकलचं मागचं चाक काढायचं कसं आणि परत बसवायचं कसं

गाडी जुनी असली की मागचं चाक कधी ना कधी खाली येतंच. टायर बदलायचा असतो, ब्रेक शू संपलेले असतात, नाहीतर बेअरिंगचा आवाज यायला लागलेला असतो. पुढचं चाक त्या मानाने किरकोळ काम. मागे मात्र चेन, ब्रेक रॉड, टॉर्क आर्म (ब्रेक प्लेट, म्हणजे ड्रमचं झाकण, फिरू नये म्हणून तिला फ्रेमशी धरून ठेवणारी पट्टी), काही गाड्यांत स्पीडोमीटरची केबल हे सगळं एकाच अ‍ॅक्सलभोवती गुंतलेलं असतं आणि एकाला हात लावला की दुसरं हलतं. चेन ताणली की ब्रेक बदलतो, अ‍ॅक्सल एका बाजूने सरकला की चाक तिरकं होतं. काढताना फार विचार करावा लागत नाही, पण बसवताना आधी काय आवळायचं आणि नंतर काय, यावरच सगळं अवलंबून असतं. नवीन माणूस चुकतो तो तिथेच.

आधी गाडीची रचना बघा

पान्याला हात लावण्याआधी गाडीच्या मागे खाली बसून पाच मिनिटं नुसतं बघा. मागे सस्पेन्शनच नाही, म्हणजे रिजिड फ्रेम आहे? अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना उभे स्प्रिंगचे दांडे आहेत, म्हणजे प्लंजर आहे? की नेहमीचा मागचा चिमटा, म्हणजे स्विंग आर्म आणि दोन शॉकअप? त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, चाकाबरोबर बाहेर येतं की गाडीवरच राहतं.

साध्या रचनेत ब्रेक ड्रम आणि स्प्रॉकेट हबलाच जोडलेले असतात, त्यामुळे चेन सोडल्याशिवाय चाक निघत नाही. दुसऱ्या प्रकारात स्प्रॉकेट वेगळ्या पोकळ नटाने चिमट्याला धरलेलं असतं. त्यातून लांब अ‍ॅक्सल ओढून काढला आणि पलीकडचा स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी नळी, काढला की चाक बाजूला सरकवून बाहेर घेता येतं, चेन जागच्या जागी राहते. जावाची चेन पूर्ण बंद डब्यात असते, तरी तिचं चाक सहज निघतं ते याच युक्तीमुळे. महायुद्धानंतरच्या व्हिन्सेंट ट्विन या दोन सिलिंडरच्या ब्रिटिश गाडीवर तर अ‍ॅक्सलला हाताने फिरवायची आडवी दांडी होती, पान्याचीसुद्धा गरज नव्हती. त्या काळात टायर वरचेवर पंक्चर व्हायचे, तेव्हा ही चैन नव्हती.

पुढे मी साधी रचना धरून लिहितो. तुमची दुसऱ्या प्रकारची असेल तर चेनचा भाग सोडून द्या, पण तो जाड पोकळ नट चुकून सोडू नका. चेन कुठे डावीकडे असते, कुठे उजवीकडे, म्हणून मी ‘चेनची बाजू’ आणि ‘दुसरी बाजू’ असंच म्हणेन.

पाने आणि इतर तयारी

जुन्या ब्रिटिश गाड्यांचे नट मिलिमीटरच्या पान्याला नीट बसत नाहीत. त्यांना व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे पाने लागतात. जवळपास बसतो म्हणून दुसरा पाना लावला की नटाचे कोपरे जातात आणि नट गोल होतो. अ‍ॅक्सलचा नट आधीच कोणीतरी छिन्नीने फिरवलेला दिसला तर आश्चर्य वाटून घेऊ नका, बहुतेक जुन्या गाड्यांचा इतिहास असाच असतो. अ‍ॅक्सलचे आटे बहुधा बारीक असतात, ब्रिटिश गाड्यांवर इंचाला २६ किंवा २०. बारीक आट्यावर जाड आट्याचा नट एक-दोन फेरे जातोसुद्धा, आणि मग अ‍ॅक्सल कायमचा खराब होतो. नट हाताने शेवटपर्यंत फिरत असेल तरच तो त्या अ‍ॅक्सलचा समजा.

आदल्या दिवशी अ‍ॅक्सलचे नट, टॉर्क आर्मचा नट आणि चेन अ‍ॅडजस्टर यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. हाताशी पितळेचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा गोल तुकडा असू द्या, अ‍ॅक्सल ठोकून काढायला तो लागतो. नवीन स्प्लिट पिन, चेन लॉकची (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची) नवीन क्लिप, ग्रीस, तार आणि भरपूर फडकी आणा. स्प्लिट पिन आणि क्लिप जुनी परत वापरायची नाही, एवढा खर्च करा.

आता एक गोष्ट जी उगाच भीती घालण्यासाठी सांगत नाही. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि ड्रम उघडल्यावर जी करडी भुकटी दिसते तिच्यात ते असू शकतं. ती फुंकायची नाही, एअर मारायची नाही, कोरड्या ब्रशने झटकायची नाही. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि ते फडकं पिशवीत बंद करून टाका. गाडीचे शू कधी बदलले ते माहीत नसेल तर लायनर जुनेच आहेत असं धरून चाला.

गाडी डबल स्टँडला लावण्याआधी एक काम

अ‍ॅक्सलचा नट पहिल्यांदा सैल करताना जोर लागतो. गाडी स्टँडवर असताना लांब पान्यावर जोर दिला तर ती स्टँडवरून पुढे सरकते. म्हणून दोन्ही चाकं जमिनीवर असतानाच तो नट पाव फेरा सैल करून घ्या. टॉर्क आर्मच्या नटाचंही तसंच. मग गाडी डबल स्टँडला लावा. साइड स्टँडवर हे काम होत नाही. जुन्या गाडीच्या स्टँडचे पाय झिजलेले असतात आणि मागचं चाक जमिनीला टेकलेलंच राहतं, अशा वेळी स्टँडखाली सारख्या जाडीची फळी घाला. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. पेट्रोलची चावी बंद करा, कारण चाक बाहेर काढताना गाडी कलवावी लागू शकते. बॅटरी आम्लाची असेल तर तीही काढून ठेवा.

काढायला सुरुवात

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि चाक हाताने फिरवून चेन लॉक मागच्या स्प्रॉकेटवर आणा. लॉकच्या दोन्ही बाजूंच्या कड्या दातांवर बसल्या की चेनचा ताण लॉकवर येत नाही आणि क्लिप सहज निघते. पक्कडचा एक जबडा क्लिपच्या उघड्या टोकावर आणि दुसरा जवळच्या पिनवर ठेवून हलकेच दाबा. दुसरा हात फडक्यासह वर धरा, नाहीतर क्लिप उडून कुठे जाईल ते सापडत नाही. लॉक निघाला की चेन मागून सोडा, पण गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटवरून पूर्ण ओढून काढू नका. दोन्ही टोकं तारेने एकमेकांना किंवा फ्रेमला बांधून ठेवा. चेन स्वच्छ करायला बाहेर हवीच असेल तर तिच्या टोकाला एखादी जुनी चेन जोडून मग ओढा. जुनी चेन स्प्रॉकेटवर जाऊन बसते आणि नंतर स्वच्छ केलेली चेन त्याच वाटेने परत ओढता येते. पुढचं झाकण उघडावं लागत नाही.

मग ब्रेक रॉड. शेवटचा अ‍ॅडजस्टर नट काढा, ब्रेकचं पेडल हाताने दाबून रॉड पुढे सरकवा आणि लिव्हरमधून सोडवा. नट, गोल ठोकळी आणि स्प्रिंग लगेच रॉडवर परत चढवून ठेवा. टॉर्क आर्म ब्रेक प्लेटपासून सोडवा. स्पीडोमीटरची केबल मागच्या हबमधून जात असेल तर तिचा चक्रीनट हाताने सोडवून केबल बाजूला बांधा.

चेन अ‍ॅडजस्टरला शक्यतो हात लावू नका. लावावाच लागला तर दोन्ही बाजूंचे फेरे मोजून लिहून ठेवा. स्क्रूऐवजी गोगलगाईच्या शंखासारख्या चकत्या असतील तर कोणती खाच पिनवर होती तिथे खडूने खूण करा.

अ‍ॅक्सलचा नट काढा. अ‍ॅक्सल गंजून बसला असेल तर त्याच्या टोकावर थेट हातोडी मारू नका, पहिला आटा पसरला की नट परत चढत नाही. नट टोकाच्या पातळीत येईल इतका परत लावा, वर पितळेचा तुकडा धरा आणि मग ठोका. हलला की नट काढून पुढचं काम. एका हाताने अ‍ॅक्सल फिरवत ओढा आणि पायाने चाक खालून थोडं उचलून धरा. चाकाचं वजन अ‍ॅक्सलवर असेल तर तो कितीही ओढला तरी निघत नाही, आणि नवशिक्याला वाटतं तो गंजलाय.

अ‍ॅक्सल बाहेर येताना स्पेसर आणि वॉशर खाली पडतात. ते डब्यात टाकू नका. ज्या क्रमाने आणि ज्या बाजूने निघाले त्याच क्रमाने अ‍ॅक्सलवर परत ओवून ठेवा आणि मोबाइलने फोटो काढा. दोन स्पेसर लांबीला जवळपास सारखे दिसतात, पण २-३ मिलिमीटरचा फरक चाक एका बाजूला ढकलायला पुरेसा असतो.

चाक आता मोकळं आहे, पण मडगार्ड आडवं येतं. काही गाड्यांचा मडगार्डचा मागचा भाग बिजागरीवर वर उचलता येतो किंवा दोन-चार बोल्ट काढून वेगळा होतो. तसं नसेल तर टायरची हवा सोडा, मदतीला एक माणूस बोलवा, त्याला गाडी हळूच एका बाजूला कलवायला सांगा आणि चाक खालून ओढून घ्या. एकट्याने हे करू नका.

चाक हातात आहे तोवर

खरं तर इथे घाई करण्यासारखं काही नाही, कारण हे चाक परत काढायला तुम्हाला आवडणार नाही.

बेअरिंगच्या आतल्या कडीत बोट घालून फिरवा. खरखर, अडकणं किंवा हलणं जाणवलं तर बेअरिंग बदला. अ‍ॅक्सल काचेवर लोळवा. वाकलेला असेल तर काच आणि अ‍ॅक्सल यांच्यामधली फट फिरताना कमी-जास्त होते. वाकलेला अ‍ॅक्सल सरळ करून वापरायचा नाही. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेल्या आकड्यासारखे झाले असतील तर ते गेलं. चेनची झीज मोजायला ती स्वच्छ करून सपाट ठेवा, आधी दाबून आणि मग ओढून लांबी घ्या. फुटामागे पाव इंच फरक पडला, म्हणजे साधारण २ टक्के, की चेन बदला. नवीन चेन जुन्या स्प्रॉकेटवर घालणं म्हणजे पैसे फुकट घालवणं, दोन्ही एकदम बदला.

ड्रमच्या आत बोट फिरवा. खोल रेघा किंवा कडेला उंच ओठ असेल तर ड्रम लेथवर टर्न करून घ्यावा लागेल. लायनर रिव्हेटच्या डोक्याच्या जवळ आलं असेल तर शू बदला. लायनर आरशासारखं चकचकीत झालं असेल तर ओलं करून सँडपेपरने हलकं घासा, वर सांगितलेली काळजी घेऊन. ग्रीस ब्रेक कॅमच्या (शू पसरवणाऱ्या) दांड्याला अगदी थोडं, जास्त उष्णता सहन करणारं. जास्त लावलं तर वितळून लायनरवर येतं. लायनरवर तेल उतरलेलं दिसलं तर शू तर बदलाच, पण तेल येतंय कुठून तेही शोधा, बहुधा हबचं सील गेलेलं असतं.

स्पोक एकेक करून पान्याने हलकेच ठोका. घट्ट स्पोकचा आवाज टणटणीत येतो, सैलचा बद्द. टायरवर चार आकडी कोड असेल तर पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २००० सालानंतरच्या टायरवर तो चार आकडी असतो. तीनच आकडे असतील तर टायर त्याआधीचा, नक्षी कितीही चांगली दिसली तरी तो काढा.

बसवताना

अ‍ॅक्सल स्वच्छ करून हलकं ग्रीस लावा, आटे सोडून. ब्रेक प्लेट ड्रममध्ये बसवा. मग चाक गाडीखाली ढकला आणि जमिनीवर चाकामागे बसा. दोन्ही पायांचे चवडे टायरखाली सरकवून चाक उचलायचं आणि हात अ‍ॅक्सलसाठी मोकळे ठेवायचे. पायात जोर नसेल तर टायरखाली लाकडी पट्टी तरफ म्हणून घाला. अ‍ॅक्सल आत सरकताना फोटोप्रमाणे स्पेसर जागेवर येतात का ते प्रत्येक वेळी बघा. स्पीडोमीटरचं ड्राइव्ह हबवर असेल तर त्याच्या आतल्या पात्या हबच्या खाचांत बसल्याशिवाय नट आवळू नका. अडकून बसलेलं ड्राइव्ह नट आवळताच चिरडतं आणि ते मिळवणं सोपं नसतं.

अ‍ॅक्सलचा नट फक्त हाताने. टॉर्क आर्म ब्रेक प्लेटला जोडा, त्याचा नटही फक्त हाताने. चेन स्प्रॉकेटवर घालून लॉक लावा. क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला जाते त्या दिशेला असलं पाहिजे. चाक पुढे फिरताना वरची चेन पुढे, गिअरबॉक्सकडे जाते. म्हणून लॉक वर असताना बंद टोक पुढे, खाली असताना मागे. उलटी लावली तर उघडं टोक कशाला तरी अडकून क्लिप निघू शकते.

आता चेनचा ताण. खालच्या चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली हलवा आणि चाक थोडं थोडं फिरवत सगळ्यात घट्ट जागा शोधा. जुन्या चेनची झीज सगळीकडे सारखी नसते. घट्ट जागेवर बहुतेक स्विंग आर्म गाड्यांना २० ते २५ मिलिमीटर प्ले, म्हणजे वर-खाली मोकळीक, लागतो, तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. स्विंग आर्मच्या गाडीत गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, चिमट्याची पिन आणि अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताणलेली असते. म्हणून कोणाला तरी गाडीवर बसवून एकदा तपासा. स्टँडवर बरोबर वाटलेली चेन बसल्यावर तारेसारखी ताठ झाली तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर घाव बसतो. रिजिड फ्रेमला हा प्रश्नच येत नाही. शंका आली तर चेन जरा सैलच ठेवा.

चेन झाली की चाकाची रेघ. चिमट्यावरच्या खुणा बघून समाधान मानू नका. जुन्या फ्रेमला कधीतरी धक्का लागलेला असतो, खुणा तशाच राहतात. दोरी मागच्या टायरच्या मागून गुंडाळून जमिनीपासून साधारण १० सेंटिमीटर उंचीवर दोन्ही बाजूंनी पुढे आणा, स्टँडला किंवा पाइपला न लागता. दोन्ही दोऱ्या मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुसत्या टेकल्या पाहिजेत. पुढचं चाक सरळ ठेवा. पुढचा टायर अरुंद असला तर दोरी आणि टायर यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी आली पाहिजे. तशी नसेल तर एका बाजूचा अ‍ॅडजस्टर थोडा फिरवा आणि चेन पुन्हा तपासा. चाक सरळ आलं पण स्प्रॉकेट तिरके दिसतायत, किंवा उलट, असं झालं तर अ‍ॅडजस्टरशी झटापट करू नका. बहुतेक वेळा स्पेसर चुकीच्या बाजूला गेलेला असतो, नाहीतर रिम बांधताना मध्य चुकलेला असतो.

मग चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे फडक्याची सुरळी घाला आणि चाक मागे फिरवून दाबा. अ‍ॅक्सल पुढे ओढला जाऊन अ‍ॅडजस्टरला घट्ट टेकतो. बोटं दूर, इंजिन बंद. गाडी गिअरमध्ये टाकून चाक फिरवत चेनजवळ हात नेण्याचा शहाणपणा करू नका.

आता ब्रेक रॉड जोडा आणि मदतनीसाला पेडल जोरात दाबून धरायला सांगा. ड्रममध्ये शू आपोआप मध्यभागी येतात. पेडल दाबलेलं असतानाच अ‍ॅक्सलचा नट आवळा, मग टॉर्क आर्मचा. उलट केलं तर ब्रेक प्लेट मध्यापासून सरकलेलीच लॉक होते आणि एक शू आधी टेकतो. ब्रेक कमी लागण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. शेवटचा जोर गाडी स्टँडवरून खाली घेऊन द्या.

टॉर्क आर्म विसरू नका

याला वेगळं शीर्षक दिलं आहे ते मुद्दाम. ब्रेक लागताना शू ड्रमला धरतात आणि ब्रेक प्लेटला चाकाबरोबर फिरवायला बघतात. तिला अडवतो तो फक्त टॉर्क आर्म. तो जोडायचा राहिला, किंवा नट स्प्लिट पिनशिवाय राहून उडाला, तर पहिल्या जोरदार ब्रेकला प्लेट गरकन फिरते, रॉड वाकतो किंवा तुटतो आणि चाक जागच्या जागी लॉक होऊ शकतं. त्याच्या नटाला स्प्लिट पिन, स्प्रिंग वॉशर किंवा लॉक नट, कंपनीने जे दिलं होतं ते असलंच पाहिजे. पिनची टोकं वाकवून झाल्यावर हाताने आर्म हलवून बघा.

शेवटी ब्रेक

ब्रेकची सेटिंग सगळ्यात शेवटी, कारण अ‍ॅक्सल मागे-पुढे सरकला की रॉडची लांबी बदलते. रॉडचा नट फिरवत चाक हाताने घुमवा. शू घासायला लागले की चाक मोकळं फिरेपर्यंत नट मागे घ्या. पेडल दाबलेलं असताना ब्रेक लिव्हर आणि रॉडमधला कोन काटकोनाच्या आसपास असावा. लिव्हर काटकोनाच्या बराच पलीकडे जात असेल तर लायनर झिजलं आहे आणि कॅम जास्त फिरतोय. काही गाड्यांत कॅम उलटून ब्रेक लॉक होऊ शकतो, म्हणून तिथे नट फिरवत राहण्याऐवजी शू बदला.

टायरमध्ये हवा भरा, स्पीडोमीटरची केबल जोडा, ब्रेक लाइट लागतो का बघा. मग इंजिन चालू न करता गाडी ढकलत चालवा आणि पेडल दाबा. चाक तिथल्या तिथे थांबलं पाहिजे आणि टॉर्क आर्मजवळून खडखडाट आला नाही पाहिजे.

पहिला फेरा मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगाने, दोन-चार किलोमीटरचा. परत आल्यावर दोन कामं करा. मागच्या ड्रमवर हात नेण्याआधी पाण्याचे दोन थेंब टाका. ब्रेक फारसा न वापरताही ते चर्र करून उडाले तर शू घासतायत, रॉडचा नट आणखी सैल करा. मग अ‍ॅक्सलचा नट, टॉर्क आर्मची पिन आणि चेन लॉकची क्लिप एकदा परत बघा. चेनचा प्लेही मोजा, नवीन चेन पहिल्या काही फेऱ्यांत थोडी सैल पडते.